खिडकीचे कुळ

इंग्रजी शब्दांचे मूळ संस्कृतात दाखवणाऱ्या हौशी पंडितांची आपल्याकडे वाण नाही. 'विंडो' म्हणे 'वातायना'चाच अपभ्रंश! वस्तुतः १३व्या शतकात इंग्रजीत दिसू लागलेला हा शब्द प्राचीन नॉर्समधील 'विंदाउगा'पासून आला: 'विंद्र' म्हणजे वारा, 'आउगा' म्हणजे डोळा. 'वात' आणि 'अक्षि' ही त्यांची भावंडे खरीच. पण भावंडाला बाप ठरवणे ही व्युत्पत्ती नव्हे. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृतची थोरवी गायली, ती आपण पाठ केली. ग्रीक, लॅटिन व संस्कृत यांचा उगम बहुधा लुप्त झालेल्या एका सामाईक भाषेत असावा, हे त्याचेच म्हणणे मात्र सोयीस्करपणे विसरलो. खिडकीत डोळा पाहून स्वतंत्रपणे 'गवाक्ष' घडवणाऱ्या भाषेला असले खोटे पितृत्व हवेच कशाला?