पिशवी काढण्याआधी

“अंगावरून पांढरं जातंय? पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” आपल्यापैकी कितीजणींनी हे ऐकलंय! दिवाळी सरली की कराड, वाळवा, पलूसच्या ऊसपट्ट्यात बीडकडच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवस बुडाला की खाडा, म्हणजे मजुरी नाहीच, वर दंड. पाळीत, दुखण्यात विसावा घ्यायची सोय नाही. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. खाड्याचा धाक होताच, कॅन्सरची भीतीही होती.

ती भीती अगदीच खोटी नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या संसर्गातून होतो. तो शरीरसंबंधातून येतो, बहुधा नवऱ्याकडूनच. तेव्हा बाईच्या वागण्याकडे बोट दाखवायचं काही कारण नाही. पण हा विषाणू काम कसं करतो, ते एकदा समजून घ्या, म्हणजे घाई कशाची करायची आणि कशाची नाही, हे कळेल.

आपल्या पेशीत एक विकर असतं, ‘ई-सिक्स-एपी’. नगरपालिकेचा माणूस मोडकळीला आलेल्या घरावर खडूने फुली मारतो ना, तसं ते निकामी प्रथिनांवर खूण करतं आणि पेशी ती मोडीत काढते. (या खुणेच्या शोधाला २००४ चं नोबेल मिळालं.) पेशीत एक राखणदारही आहे, ‘पी-५३’. पेशीत बिघाड झाला की तो तिची वाढ थांबवतो, नाहीतर तिला मरू देतो. एरवी हे विकर राखणदाराच्या वाटेला जात नाही. पण एचपीव्हीचं ‘ई-६’ हे प्रथिन त्या खडूवाल्याचा हात धरतं आणि राखणदाराच्याच दारावर फुली मारायला लावतं. १९९३ मध्ये हे उघड झालं. म्हणजे माणूस घरचाच, हुकूम चोराचा!

राखणदार गेला म्हणून लगेच कॅन्सर होत नाही. बहुतेक जणींच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही बिघाड साचत साचत कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असेल तर हा काळ बराच कमी होतो. सांगलीने तो मार सोसलाय, म्हणून हे सांगायला हवं. एरवी मधली वर्षं आपल्या हातात असतात. तेवढ्यात तपासणीत डाग सापडला तर तो गोठवून किंवा भाजून काढता येतो, पिशवी शाबूत राहते. नुसतं पांढरं जाणं बहुधा साध्या संसर्गाचं असतं आणि औषधाने बरं होतं. मात्र घाण वास, संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त, यातलं काही असेल तर आजच दाखवा.

हे पुस्तकी नाही. शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने १९९९ पासून १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. तुलनेसाठी जो गट बिनतपासणीचा ठेवला होता, त्यातल्या ६४ जणी दगावल्या. तो आकडा वाचताना बरं वाटत नाही.

मुलींसाठी लस आहे; पुण्याच्या सीरमच्या लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली. पण लस झालेला संसर्ग घालवत नाही, म्हणून तिशीनंतर तपासणी हवीच.

फडावरच्या बाईची अडचण वेगळी. एचपीव्हीचा अहवाल येईपर्यंत टोळी पुढच्या गावाला गेलेली असते. तिच्यासाठी व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी करायची तपासणी बरी, निकाल जागच्या जागी. मुंबईच्या वस्त्यांत शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी ती केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक कोयत्याचं नाव मुकादमाच्या वहीत चढतंच. त्याच दिवशी, कारखान्याच्या आवारात, एका पडद्याआड नर्सबाईंना बसवायला कितीसा खर्च येईल?