लव्हाळ्याच्या पेटाऱ्यातील बाळ

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांना भारतातील एखादे बालक दत्तक घ्यावयाचे आहे, तेव्हा विश्वासू संस्था कशी ओळखावी, असा प्रश्न एका वाचक-दांपत्याने आम्हांस केला आहे. संस्था धर्मभगिनींची असली म्हणजे पुढे काही विचारावयास नको, असे त्यांस वाटते. आमचे नम्र मत निराळे आहे. आणि ते सांगताना आपल्याच घरातील एक दुःखद गोष्ट बोलणे आम्हांस भाग आहे.

गेल्या शतकात आयर्लंडमध्ये अविवाहित मातांसाठी आश्रम होते. त्यांतील कित्येक धर्मभगिनी चालवीत. चौकशी आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालानुसार तपासलेल्या आश्रमांतून १,६३८ मुले परदेशी दत्तक गेली. त्यांपैकी १,४२७ अमेरिकेत. घेणारे घर कॅथलिक आहे ना, त्यांच्या धर्मगुरूंचे शिफारसपत्र आहे ना, याची चौकशी कसोशीने होई. आईपुढे दुसरा मार्ग कोणता होता, हे मात्र क्वचितच विचारले जाई.

फिलोमिना ली या मातेचा मुलगा १९५५ साली असाच अमेरिकेत गेला. तत्पूर्वी सर्व हक्क सोडल्याच्या कागदावर तिची सही घेण्यात आली होती. पुढे मायकेल हेस या नावाने तो नामांकित वकील झाला. मुलगा आईच्या शोधात रॉसक्रे येथील त्या मठात गेला. आईही तेथेच विचारणा करीत होती. दोघांची भेट झाली नाही. १९९५ साली तो निवर्तला आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे मठाच्या आवारात त्याला मूठमाती देण्यात आली. आईच्या हाती आले ते थडगे. अहवालानंतर आयर्लंडच्या आर्चबिशपांनी क्षमा मागितली, हे योग्यच झाले. परंतु क्षमेने गेलेली वर्षे परत येत नाहीत.

येथे आम्हांस मोशेची आठवण होते. फारोच्या कन्येने पेटाऱ्यातील बाळ आपले म्हणून वाढविले. पण त्याला दूध पाजावयास आली ती त्याची जन्मदाती. बाळ वाचले, आणि त्याचे मूळही पुसले गेले नाही. खऱ्या दत्तकाची कसोटी हीच होय.

आपल्या देशात ही कसोटी कायद्यात उतरली, त्यामागे एक पत्र आहे. परदेशी दत्तकाच्या नावाखाली चाललेल्या गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयास लिहिले. १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी नियम घालून दिले. मुलासाठी प्रथम देशातच घर शोधावे, हे त्यांतील मुख्य तत्त्व. २०१५ च्या कायद्यानुसार आईला बालकल्याण समितीपुढे मूल सोपवावे लागते आणि फेरविचारासाठी तिला दोन महिन्यांची मुदत मिळते. परदेशी दत्तकास केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचे नाहरकत-प्रमाणपत्र आवश्यक आहे.

म्हणून आमच्या वाचकांनी कोणत्याही संस्थेस, ती आपल्या धर्मप्रांतातील असली तरीही, तीन प्रश्न विचारावेत. आईने मूल कोणासमोर सोपविले, आणि तिला विचारास अवधी मिळाला काय? ठरलेल्या शुल्काखेरीज देणगी म्हणून काही मागितले जाते काय? आणि मुलाची कागदपत्रे जपून ठेवली आहेत काय? आईने नाव गुप्त ठेवावयास सांगितले असेल, तर तो तिचा अधिकार आहे. पण कागद खोटा करण्याचा अधिकार कोणासही नाही.

जी संस्था या प्रश्नांनी रागावेल, तिचा उंबरठा आपल्या नातलगांनी ओलांडू नये. आणि जी शांतपणे कपाट उघडून कागद समोर ठेवील, तिच्या दारी झगा कोणाचा आहे, हे पाहण्याची गरज उरत नाही.