हिरवळीचा हट्ट कुणाच्या पाण्यावर?

फ्रान्समधल्या तुलूझ शहराजवळ दोन गोल्फ मैदानांवर ऑगस्ट २०२२ मध्ये अजब प्रकार घडला. चेंडू ज्यात टाकायचा, त्या होलमध्येच कुणीतरी चक्क सिमेंट ओतलं! ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ या पर्यावरणवादी चळवळीच्या स्थानिक गटाने जबाबदारीही घेतली. राग कशाचा? तेव्हा फ्रान्स दुष्काळाने होरपळत होता. शंभरहून जास्त गावांत प्यायच्या पाण्याची टंचाई होती. अनेक भागांत बागेला पाणी घालायला, गाडी धुवायला बंदी होती. गोल्फच्या ‘ग्रीन’ला मात्र सूट!

ग्रीन म्हणजे होलभोवतीचा गालिच्यासारखा गुळगुळीत तुकडा. गोल्फवाल्यांचं म्हणणं असं होतं, की आम्ही फक्त तेवढाच भिजवतो. तोही रात्री आणि नेहमीच्या ३० टक्के पाण्यात. पाणी तोडलं, तर तीन दिवसांत ग्रीन मरेल आणि लोकांच्या नोकऱ्याही जातील.

हा कांगावा नाही. ग्रीनवरचं गवत जेमतेम ३ मिलिमीटरवर कापतात. पानं सतत खुडली, की मुळंही खोल जात नाहीत. त्यात खेळाडूंच्या पायांखाली माती दबते. म्हणून वसंतात आणि शरदात जमिनीला बारीक भोकं पाडून त्यात वाळू भरतात. मुळांना हवा मिळावी, वाफसा टिकावा, हा त्यामागचा हेतू. तरी कडक उन्हाळ्यात मुळं आणखी आखडतात आणि गवत रोजच्या पाण्यावर जगतं. बाकीचं मैदान करपलं, तरी पावसानंतर बऱ्याचदा पुन्हा फुटतं. मेलेलं ग्रीन मात्र नव्याने पेरावं लागतं.

पण मुद्दा इथेच आहे. हे गवत इतकं नाजूक का? कारण चेंडू सुसाट घरंगळावा, म्हणून आपणच त्याला तसं ठेवतो. उन्हाळ्यात कापणी मिलिमीटरभर वर घेतली, तरी गवतावरचा ताण कमी होतो. चेंडू जरा हळू जाईल, एवढंच! जुलै २०२२ मध्ये सेंट अँड्र्यूजला दीडशेवी ‘ओपन’ स्पर्धा झाली. तिथली मोकळी मैदानं तपकिरी पडली होती. तरी कॅमेरॉन स्मिथने तिथेच विजेतेपद मिळवलं. स्पर्धेची शान काही कमी झाली नाही.

फ्रान्समध्येही सगळे एका सुरात बोलत नव्हते. ईल-ए-व्हिलेन जिल्ह्याने गोल्फच्या पाण्यावर सरळ बंदी घातली. म्हणजे सूट द्यायची की नाही, हा निर्णय निसर्गाचा नसतो. तो माणसं घेतात.

आपल्याला हा वाद नवा नाही. २०१६ मध्ये तुम्ही शाळेत असाल. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले होते. पिचला लागणारं पाणी राज्याच्या हिशेबात किरकोळच होतं. पण टंचाईत लिटरच मोजले जात नाहीत, आधी कुणाला, हेही पाहिलं जातं.

सिमेंट ओतून पाणी वाचत नाही, उलट माळ्याचं काम वाढतं. तरी प्रश्न रास्त आहे. सांडपाणी शुद्ध करून वापरा, कापणी उंच ठेवा, तपकिरी मैदानावर खेळायची सवय लावा. एवढं सगळं केल्यावर सूट मागितली, तर शेजारचं गाव निदान ऐकून तरी घेईल.