बाटलीतला तुकडा

आमचे मामा पवनीचे. खर्ऱ्याचा नाद जुना. भंडारा जिल्ह्यात सुपारी, तंबाखू, चुना घोटलेली ती पुडी पाहुण्याच्याही पुढे करतात. गालाच्या आत न भरणारी जखम झाली, एका दवाखान्यात तुकडा काढला आणि मामेभावाच्या हाती लहानशी बाटली आली. ‘नागपूरला पोचती करा!’ तो शनिवार होता. बाटली रविवारभर फडताळात राहिली, सोमवारी एस.टी.ने गेली. आठवड्याने कागद आला : पेशी विघटित झाल्या आहेत, निदान शक्य नाही. बाटलीत फॉर्मालिन नव्हतेच, नुसते सलाईन होते.

शरीरापासून तुटलेला तुकडा स्वतःलाच पचवू लागतो. पेशींमधली पाचकद्रव्येच त्यांना विरघळवतात. आमच्याकडच्या मे महिन्यात तर विचारायलाच नको. फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांत गुंतवून हे सारे जागच्या जागी थांबवते. फ्रँकफुर्टचे फर्डिनांड ब्लूम ते जंतुनाशक म्हणून तपासत होते. स्वतःच्याच बोटांची कातडी टणक झालेली त्यांना दिसली आणि १८९३ साली त्यांनी हा गुण जगापुढे मांडला. हे द्रावण महागही नाही. दहा टक्क्यांचे, तुकड्याच्या किमान दहापट, आणि बाटली रुंद तोंडाची. (अरुंद तोंडातून मऊ तुकडा आत जातो, टणक झाल्यावर बाहेर येत नाही!)

म्हणून सरसकट फॉर्मालिन ओता, असे मात्र नव्हे. क्षयाच्या शंकेने काढलेली गाठ सगळीच त्यात बुडवली, तर जंतू मरतात. मग कल्चर कशाचे करायचे? तिचा एक भाग निर्जंतुक सलाईनमध्येच हवा. विषबाधेच्या शवविच्छेदनातला व्हिसेरा तर मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवतात.

हे डॉक्टरांना ठाऊक नसते असे कोण म्हणेल? पण बाटली भरणारा वेगळा, नेणारा वेगळा. मोठमोठ्या यंत्रांची उद्घाटने होतात, फीत कापली जाते. बाटलीची फीत कोण कापणार? माझ्या मते नातेवाइकाच्या हाती बाटली द्यायची, तर आत कोणते द्रावण आहे आणि तुकडा किती वाजता काढला, हे चिठ्ठीवर लिहून द्यायलाच हवे. आणि आपणही संकोच सोडून विचारावे, ‘डॉक्टरसाहेब, यात काय घातलंय?’

मामा दुसऱ्यांदा तुकडा काढू देईनात. त्यांची समजूत घालण्यात तीन आठवडे गेले. या खेपेस बाटली मीच नेली. नेण्याआधी झाकण किंचित सैल करून पाहिले. डोळे चुरचुरले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.