वितळण्यासाठीच बसवलेली झडप

खानावळीतला मोठा कुकर तुम्ही पाहिला असेल. त्याच्या झाकणाचा व्यास ३० सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर भरते. शिटी होताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅमने अधिक असतो. म्हणजे झाकणावर आतून ७०० किलोग्रॅम वजनाइतका रेटा!

एरवी जादा वाफ शिटीवाटे बाहेर पडते. शिटीची नळी डाळीच्या कणांनी बुजली, तर दाब वाढतो आणि दाबाबरोबर तापमानही. अशा वेळेसाठी झाकणात सुरक्षा झडप असते. तिच्यातील मिश्रधातू सहज वितळणारी असते. ती वितळली, की वाफेला वाट मिळते. मग नवी झडप बसवायची, एवढेच.

पुष्कळदा मूळ दुखणे निराळेच असते. झाकणाची रबरी रिंग उष्णतेने कडक होते, तडकते. कडेने वाफ निसटते, पाणी आटते, कोरडा कुकर तापतो आणि झडप वितळते. लोक दोष मात्र झडपेला देतात! काही महाभाग तर तिच्या जागी बोल्ट आवळून मोकळे होतात. याला काटकसर म्हणणे मला मान्य नाही. बोल्ट आवळायला सांगणारा मालक गल्ल्यावर बसतो. शेगडीपाशी उभा असतो तो आचारी.

त्या कुकरला चालणारी रिंग व झडप मालकाने आधीच आणून ठेवावी. आणि कुकर बाजूला काढण्याचा अधिकार आचाऱ्याला असावा, मग जेवणाला तासभर उशीर झाला तरी चालेल.