चटईक्षेत्र विकून शहर किती दिवस चालणार?

पुण्याच्या उपनगरात एखाद्या गृहप्रकल्पाचा नकाशा मंजुरीला जातो, तेव्हा बांधकाम विभाग विकसकाला भरावयाच्या रकमांची यादी देतो. त्यात विकास शुल्क असते, छाननी शुल्क असते, प्रीमियम एफएसआय आणि अँसिलरी एफएसआय या जादा चटईक्षेत्राचे पैसे असतात, बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार कल्याण उपकर असतो. चलन भरले की काम सुरू करण्याचा दाखला मिळतो. त्याच फायलीत अनेकदा विकसकाचे एक हमीपत्रही असते. महापालिका पाणी देऊ शकत नाही तोवर रहिवाशांना पाणी पुरवण्याची जबाबदारी माझी, असे त्यात लिहून दिलेले असते. हे दोन कागद शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. नव्या वस्तीचा जो बोजा पाणी, रस्ते आणि ड्रेनेजवर पडणार, त्याची किंमत पहिल्या कागदावर महापालिका वसूल करते. ती सोय आपल्यापाशी नाही, हे दुसऱ्या कागदावर कबूल होते. काही वर्षांनी विकसक प्रकल्प सोसायटीच्या ताब्यात देऊन मोकळा होतो आणि टँकरचे बिल दरमहाच्या मेंटेनन्समध्ये येऊन बसते.

विकसकाकडून पैसे घेऊ नयेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. राज्याच्या १९६६च्या नगररचना कायद्यात विकास शुल्काचे प्रकरण १९९२ साली घातले गेले, त्यामागचा विचार रास्त होता. शंभर घरांच्या जागी पाचशे घरे उभी राहणार असतील, तर वाढीव जलवाहिनीचा खर्च जुन्या रहिवाशांनी का सोसावा? मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आला त्यामागेही रास्त कारण होते. आरक्षणाखालची जमीन रोख मोबदला न देता मिळावी, ही पालिकेची गरज होती. कुठेतरी चुकले ते नंतर.

जकात हा महापालिकांचा कणा होता. आधी बहुतेक शहरांत तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५च्या ऑगस्टमध्ये पन्नास कोटींखालच्या उलाढालीला तोही माफ झाला, आणि १ जुलै २०१७ला जीएसटी लागू होताच मुंबईची जकातही संपली. त्याबदल्यात राज्याकडून भरपाई मिळते, पण ती राज्याच्या हातून मिळते. पालिकेच्या स्वतःच्या हातात मोठे असे दोनच मार्ग उरले: मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगी. मालमत्ता कर वाढवायला कोणताच पक्ष धजावत नाही. मुंबईत तर २०२२मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफच झाला. उरली बांधकाम परवानगी. तिच्यावर कितीही आकार लावा, मोर्चा येत नाही, कारण हा पैसा शेवटी ज्याच्या गृहकर्जातून जातो तो माणूस अजून त्या प्रभागात राहायलाच आलेला नसतो, मतदार यादीत त्याचे नाव नसते. राजकीयदृष्ट्या इतका बिनबोभाट पैसा दुसरा नाही, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे.

एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, ही मुळात मर्यादा. या रस्त्यावर, या नळावर, या शाळेवर किती माणसांचा भार चालेल, याचा तो ढोबळ हिशेब. तो भार मोजून बांधकामाला आवर घालणे हे महापालिकेचे काम. पण २०१२मध्ये मुंबईत प्रीमियम भरून मिळणारा फंजिबल एफएसआय आला, पुढे २०३४च्या विकास आराखड्याच्या नियमावलीने आणि २०२०च्या डिसेंबरमध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू झालेल्या एकत्रीकृत नियमावलीने रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी जमीनदराच्या, टक्केवारीत चटईक्षेत्र विकण्याची रीत पक्की केली. आवर घालणाराच विक्रेता झाला. विक्रेत्याला माल कमी खपावा असे कधी वाटत नाही.

हे कसे घडते ते २०२१ साली स्पष्ट दिसले. करोनानंतर बांधकाम व्यवसायाला उभारी द्यायची म्हणून राज्य सरकारने त्या वर्षअखेरपर्यंत प्रीमियममध्ये पन्नास टक्के सवलत दिली. मुंबई महापालिकेने विकास नियोजन खात्याकडून त्या आर्थिक वर्षात सुमारे २,००० कोटी रुपये मिळतील असे धरले होते. सुधारित अंदाज गेला १४,७५० कोटींवर. दर निम्मा करूनही जमा सातपटीच्या घरात गेली, कारण पुढच्या कित्येक वर्षांची चटईक्षेत्रे मुदत संपायच्या आत घेऊन ठेवली गेली. त्या गर्दीत एखाद्या गल्लीची रुंदी, एखाद्या पंपिंग स्टेशनची क्षमता यांचा विचार कुठे होता? किती बांधले जाईल हे त्या वर्षी सवलतीच्या तारखेने ठरवले. त्या परवानग्यांच्या इमारती आता उभ्या राहत आहेत.

हा पैसा मुंबईच्या अंदाजपत्रकात महसुली उत्पन्नाच्या यादीत मांडला जातो, मालमत्ता कराच्या शेजारी. मला ही सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. चटईक्षेत्र एकदाच विकता येते, पण त्यातून उभ्या राहिलेल्या वस्तीचा कचरा रोज उचलावा लागतो. मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचे वीजबिल दर महिन्याला भरावे लागते. एकदाच येणाऱ्या पैशावर कायमचा खर्च बेतला, की तो भागवायला पुढच्या वर्षी आणखी चटईक्षेत्र विकावे लागते. शिवाय पैसा ज्या वस्तीच्या नावाने घेतला तिथेच लागेल याची हमी नाही. मुंबईतल्या प्रीमियमचा एक हिस्सा राज्य सरकारकडे जातो, काही रकमा सागरी सेतूसाठी रस्ते विकास महामंडळाकडे. सागरी सेतूची गरज मी नाकारत नाही. पण गल्लीत ड्रेनेज तुंबत असताना त्याच गल्लीतल्या इमारतींचा प्रीमियम समुद्रावरच्या पुलाला लागणे हा कसला हिशेब?

किंमत पैशातच मोजावी लागते असेही नाही. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ही गावे २०२१मध्ये पुणे महापालिकेत आली होती, आणि त्याआधीपासूनच तिथे मोठमोठी संकुले उभी राहत होती. नांदेडच्या विहिरीत खडकवासल्याचे पाणी येई आणि शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन मिसळून पुढे सोडले जाई. अनेक रुग्णांच्या तपासणीत दूषित अन्नपाण्यातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला. प्रत्येक रुग्णाचे कारण पाणीच होते असा दावा मी करणार नाही. पण हजारो कुटुंबे राहायला गेली आणि त्यांचे शुद्धीकरण केंद्र मागे राहिले, हे त्या साथीने सगळ्यांच्या नजरेस आणले.

तेजी ओसरली की काय होते, याचे उदाहरण चीनने दिले आहे. तिथल्या स्थानिक सरकारांनी वर्षानुवर्षे जमिनीचे वापरहक्क विकून रस्ते, मेट्रो, वसाहती उभ्या केल्या. २०२१मध्ये बडे विकसक डबघाईला आले आणि २०२२मध्ये जमीनविक्रीचे उत्पन्न एका वर्षात जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. कर्जाचे हप्ते मात्र जागच्या जागी राहिले. आपल्या महापालिका जमीन विकत नाहीत, जमिनीवरची उंची विकतात. अवलंबित्वाची जात तीच.

करता येण्याजोगे बरेच आहे. इंग्लंडमधल्या नगर परिषदा विकसकांकडून किती घेतले, किती शिल्लक आहे आणि कोणत्या कामाला लावले, याचे निवेदन २०२०पासून दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत प्रसिद्ध करतात. ते कायद्याने बंधनकारक आहे. त्यामुळे तिथले सगळे प्रश्न मिटले नाहीत, पण निदान नागरिकाला बोट ठेवून विचारता येते. आपल्याकडे प्रभागवार असा हिशेब कुठे वाचायला मिळतो? तो मिळाला, तर पुढची मागणी आपोआप येईल: हा पैसा महसुली खर्चातून बाहेर काढा, आणि ज्या भागात पाण्याचे, मैलापाण्याचे काम झालेले नाही तिथे परवानग्या टप्प्याटप्प्यानेच द्या. मालमत्ता कराविषयी मतदारांशी खरे बोलणे हे सर्वांत अवघड काम, पण त्याला वळसा घालूनच आपण इथवर आलो आहोत.

विकसक केवळ पैसेच देतो असे नाही. मोठ्या भूखंडावर त्याला सार्वजनिक सोयींसाठी जागा सोडावी लागते. दवाखाना, शाळा, भाजी मंडई व्हावी म्हणून त्या जागा पालिकेच्या ताब्यात येतात. २०२१मध्ये पुण्यात अशा जागा दीर्घ मुदतीने भाड्याने देऊन तिजोरी भरण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि त्याला नागरिकांनी कडाडून विरोध केला. त्यानंतरच्या वर्षी मुंबई-पुण्यात नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार बराच काळ प्रशासकांकडे राहिला. अंदाजपत्रके मांडणारे आणि मंजूर करणारे एकच झाले. म्हणूनच सोयींसाठी सोडलेल्या अशा प्रत्येक भूखंडाचा सर्व्हे क्रमांक, त्याचे आरक्षण आणि आजची स्थिती प्रत्येक प्रभागातल्या रहिवाशांनी लेखी मागावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो.