घरातली यंत्रे : प्रक्षेपणाचे बिऱ्हाड हलवताना



2020 साली करोनामुळे राज्यातली देवळे बंद झाली आणि कीर्तन मोबाइलवर ऐकण्याची सवय पुष्कळांना लागली. आज धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावातूनही सप्ताहाचे कीर्तन पुण्या-मुंबईला पोटामागे गेलेल्या लेकरांना थेट दाखवता येते. त्यासाठी ‘ओबीएस स्टुडिओ’ ही फुकट मिळणारी प्रणाली चांगली आहे. अडचण येते ती संगणक बदलताना. सगळी मांडणी नव्या लॅपटॉपवर नेली म्हणावे, आणि ऐन काल्याच्या कीर्तनाला पडदा काळा!

याचे कारण साधे आहे. ओबीएसची फाइल सामानाची यादी नेते, सामान नेत नाही. विठ्ठलाचे चित्र, मंडळाची पाटी, सुरुवातीची चित्रफीत कुठे ठेवली आहे, एवढेच त्या फाइलीत लिहिलेले असते.

म्हणून आधी सारी चित्रे व चित्रफिती एकाच फोल्डरात गोळा कराव्यात, आणि ओबीएसला त्यांची ही नवी जागा दाखवावी. मग ‘सीन कलेक्शन’मध्ये जाऊन ‘एक्स्पोर्ट’ करावे. पडद्यांची मांडणी त्यात येते. ‘प्रोफाइल’ वेगळे एक्स्पोर्ट करावे. चित्राचा आकार, वेग, कुठे प्रक्षेपण करायचे, हे त्यात असते. तिन्ही गोष्टी पेनड्राइव्हवर घ्याव्यात.

नव्या संगणकावर ओबीएसची तीच किंवा त्यापुढची आवृत्ती बसवावी. जोडीची प्लगिन्स आणि मराठी अक्षरांचे फॉन्टही बसवावेत. फोल्डर पूर्वीच्याच ड्राइव्हवर, त्याच नावाने ठेवला, तर चित्रे आपोआप सापडतात. नाही तर हरवलेल्या फाइलींची यादी समोर येते, तेव्हा नवी जागा दाखवावी. ‘इम्पोर्ट’ झाल्यावर कॅमेरा व माइक मात्र हाताने पुन्हा निवडावे लागतात. नव्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड वेगळे असेल, तर ‘एन्कोडर’ही तपासावा.

एक गोष्ट विसरू नये. प्रोफाइलबरोबर ‘स्ट्रीम की’ जाऊ शकते. ती ज्याच्या हाती पडेल त्याला आपल्या चॅनेलवर काहीही दाखवता येते. घराची किल्ली जपतो तशी ती जपावी. पेनड्राइव्ह कुणाला उसना दिला असेल, तर यूट्यूबवर की बदलून घ्यावी.

पेरणीआधी आपण मूठभर बियाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. तसेच सप्ताहाच्या चार दिवस आधी, त्याच मंडपात, त्याच इंटरनेटवर अर्धा तास खासगी प्रक्षेपण करून पाहावे. चित्र दुसऱ्याच्या मोबाइलवर बघावे, आवाज कान देऊन ऐकावा. आणि सप्ताह पार पडेपर्यंत जुना संगणक पुसू नये, मोडीत काढू नये.